रडकी एकदाच रडली

१

जावयानं सासूच्या घरी येऊन सासूलाच चहा करून द्यावा, यापरता उद्धटपणा अक्काला ठाऊक नव्हता.

बरं, नुसता चहा नाही. धाकटा मुलगा गेल्यापासून हा माणूस रोज सकाळी कामावर जायच्या आधी दारात हजर. येताना दूध आणणार, अक्का उठायच्या आत ओटा पुसणार, तिच्या गोळ्या वाटीत काढून ठेवणार, आणि वर मऊ आवाजात विचारणार, "आई, झोप लागली का?" शेजारणी म्हणायच्या, असा जावई शोधून सापडायचा नाही. अक्का म्हणायची, "मी शोधलाच नव्हता. पोरीनं आणला." जावयानं जावयासारखं बसावं, पाय लांब करून, वाढलेल्याला नावं ठेवत. तिचा नवरा तिच्या आईच्या घरी जन्मभर तसाच बसला आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

"जावईबापू," तिनं एकदा तोंडावर सुनावलं, "माझे हात अजून शाबूत आहेत. तुम्ही पाहुणे, पाहुण्यासारखे राहा."

"मला मुलासारखा समजा, आई."

"मुलगा होता मला. त्यानं कधी ओटा पुसला नाही."

अक्काचं घर बंबवाल्यांचं. नवरा आगीशी झुंजून झुंजून म्हातारा झाला आणि अंथरुणात मेला, याचा तिला कोण अभिमान. मग धाकटा अग्निशमन दलात गेला, आणि जावई तर आधीपासून त्याच केंद्रात. धाकटा आगीत गेला असता तर अक्कानं छाती पिटून घेतली असती, पण मान खाली घातली नसती. तो गेला सरावात. केंद्राच्या मागच्या आवारात विटांची आणि पत्र्याची एक बिनखिडक्यांची इमारत आहे, तिला 'धूरघर' म्हणतात. आत धूर कोंडतात, आणि जवान दोघादोघांच्या जोडीनं, पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मुखवटा लावून, एक हात भिंतीला आणि एक हात जोडीदाराला लावून आतून फिरून येतात. जोडीदाराशिवाय बाहेर यायचं नाही, हा पहिला नियम. त्या दिवशी धाकट्याची जोडी जावयाशी होती.

त्या सकाळी लेक-जावई तिच्याकडेच मुक्कामाला होते. न्याहारीला धाकट्यानं जावयाला छेडलं होतं, "दाजी, हनुवटीवर रान माजलंय की. आणि मधेमधे पांढरं दिसतंय. पिकलात!"

"मीही कधीची ओरडतेय, दाढी करा म्हणून," लेक फणकारली.

"आज नुसता सराव आहे," जावई म्हणाला. "आग थोडीच लागलीय?"

दुपारी चौघे दारात आले. सराव घेणारा उस्ताद, कोठीवाला, पंपवाला आणि जावई. त्यांचे चेहरे बघूनच अक्का मटकन खाली बसली. जावयानं वाकून तिला सावरलं. बाकीच्यांच्या अंगाला धुराचा, घामाचा, जळक्या रबराचा वास येत होता. जावयाच्या गालाला साबणाचा. त्या अवस्थेतही तिच्या मनात आलं, चला, एक तरी माणूस माणसात आहे.

चौकशी झाली. निकाल जावयाच्या जबाबावरच लागला, कारण आत दुसरं कुणी नव्हतंच. जावई म्हणाला होता, "धाकटा अचानक घाबरला. स्वतःचा मुखवटा ओढून काढला, माझा हात झिडकारला आणि धुरात पळाला. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, जागचा हललो नाही, म्हणजे तो परत आला तर मला सापडेल. हाका मारत राहिलो. त्यानं ओ दिली नाही. त्याच्या छातीवरची धोक्याची घंटा वाजली तेव्हा मी त्याच खोलीच्या मागच्या झडपेच्या दारानं बाहेर येऊन ओरडलो."

मृत्यू स्वतःच्या चुकीमुळे, असं ठरलं. केंद्राच्या भिंतीवर कामी आलेल्या जवानांचे फोटो आहेत, तिथं धाकट्याला जागा मिळाली नाही.

तेही अक्कानं गिळलं असतं. पण एके दिवशी ती बाजारातून येत होती, आणि पुढं नव्या भरतीतले दोन जवान चालले होते. एकाला हेल्मेटचा पट्टा लावता येईना, तो गडबडला. दुसरा हसून म्हणाला,

"ए, धाकटा होऊ नकोस!"

दोघंही खिदळले. म्हणजे तिच्या पोराचं नाव आता घाबरटपणाला पडलं होतं. अक्का रस्त्यातच थांबली, पिशवी खाली ठेवली, पदर खोचला. त्या पोरांवर तिचा राग नव्हता. हा शब्द ज्याच्यामुळे जन्माला आला, त्याचं नरडं तिला हवं होतं.

२

पहिला संशय उस्तादवर. त्याचं आणि धाकट्याचं पटत नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं. धूर फार दाट करता, एखादा मरेल, असं धाकटा त्याला चारचौघांत बोलला होता.

अक्का आवारात शिरली तेव्हा नवी तुकडी पाठीवर सिलिंडर घेऊन रांगेत उभी होती, आणि सगळेच्या सगळे कमरेतून डुलत होते, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"ही काय बाळंतिणींची रांग लावलीय?" अक्कानं विचारलं.

उस्तादची मान जाड, आवाज त्याहून जाड. पण अक्काला बघून तो वरमला. "रडकीला जोजवताहेत, अक्का. छातीवरची ही डबी बघा. माणूस जागचा हलला नाही की ही समजते तो पडला, आणि भोकाड पसरते. म्हणून नुसतं उभं राहायचं तरी डुलत राहावं लागतं. पुढं पुढं अंगवळणीच पडतं. आमची माणसं पानाच्या टपरीवरही डुलतात."

तेवढ्यात एक जण डुलायचा विसरला. त्याच्या छातीवरून अशी कर्णकर्कश किंकाळी निघाली की आवारातले कावळे उडाले.

"बंद करता येत असेल की."

"चावी लागते. आत जाताना मी दारात रडकी चालू करतो आणि चावी माझ्याकडे ठेवतो. त्या दिवशी दोघांच्याही मीच चालू केल्या, दोन्ही वाजवून बघितल्या." बोलता बोलता उस्तादनं एका पोराच्या गालावरून अंगठा फिरवला आणि त्याला मानेला धरून रांगेबाहेर काढलं. "जा, दाढी करून ये. जुन्यांचे गाल मला बघावे लागत नाहीत, तुमचे रोज बघायचे!"

"लग्नाला न्यायचंय का त्याला?"

"खुंट असले की मुखवट्याचं रबर गालाला बसत नाही, अक्का. फटीतून सिलिंडरची हवा भसाभस गळते. बाकीच्यांच्या आधी याची संपायची, आणि हा आत तडफडायचा."

अक्का त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी राहिली. "माझ्या पोराला तुम्ही मारलंत का?"

रांगेतलं डुलणं क्षणभर थांबलं आणि घाईघाईनं पुन्हा सुरू झालं.

"धूर जास्त केला होता मी," उस्ताद खाली बघून म्हणाला. "ते मी चौकशीत कबूल केलंय, त्याचं प्रायश्चित्त भोगतोय. पण त्याच्या पाठीवर हवा होती, अक्का. सिलिंडर निम्मा भरलेला. धूर कितीही असो, मुखवटा तोंडावर असता तर तो शिव्या देत बाहेर आला असता. आणि सापडला कुठं? सगळ्यात आतल्या खोलीत, दारापासून लांबात लांब. घाबरलेला माणूस दिशा विसरतो."

"आणि जावयाच्या पाठीवर किती हवा उरली होती?"

"काहीच नाही. ठणठणीत रिकामा." उस्ताद थबकला. "मेहुणा दिसेना म्हणून धाप लागली असेल. जोरजोरात श्वास घेतला की हवा लवकर संपते."

"असेल. रडकी रडली तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"पुढच्या दारात. ऐकली तसा आत घुसलो."

"एकच रडली?"

"एकच. धाकट्याची. का?"

आपण हे का विचारलं, ते अक्कालाही तेव्हा सांगता आलं नसतं. पण घरी जाईपर्यंत ते कुसळासारखं टोचत राहिलं.

३

कोठीवाला म्हणजे जवानांचे कोट, बूट, मुखवटे सांभाळणारा. सांभाळणारा म्हणजे तसा कागदोपत्री. धाकट्यानं त्याच्याविरुद्धही साहेबांकडे तोंड उघडलं होतं, की मुखवट्यांचे पट्टे झिजलेत, कोटांची शिवण उसवलीय आणि हे गृहस्थ पंख्याखाली झोपा काढतात.

अक्का कोठीत गेली तेव्हा गृहस्थ पंख्याखालीच होते.

"उठा," अक्का म्हणाली. "ज्याला सडका मुखवटा दिलात त्याची आई आलीय."

कोठीवाला ताडकन उठला. "सडका? तोंड सांभाळून बोला! तुमच्या मुलानं कागाळी केली, साहेबांनी माझी सालटी काढली, म्हणून त्या आठवड्यात नवे मुखवटे आले. पहिला त्यालाच दिला, मुद्दाम, वर हात जोडून, की घ्या महाराज." त्यानं फडताळातून कापडात गुंडाळलेला मुखवटा काढला. "चौकशीहून परत आला तेव्हापासून वेगळा ठेवलाय. कुणाला द्यायला हात धजत नाही. बघा, काच बघा, रबर बघा. आहे कुठं खोट?"

काच स्वच्छ होती. रबर मऊ होतं. पण मागचा एक पट्टा कडीपाशी तुटून लोंबत होता.

"आणि हे काय?"

"ते त्यानं ओढून काढताना तुटलं."

"नवाकोरा पट्टा?"

कोठीवाल्यानं पट्टा उलटसुलट करून पाहिला.

"दुसरा आणा. असाच. मला घाला," अक्का म्हणाली.

"अक्का, या वयात..."

"तुमच्या वयात झोपा काढता, मी माझ्या वयात काय करायचं ते मी बघीन."

मुखवटा तोंडावर चढला तशी ती एखाद्या भल्यामोठ्या बेडकासारखी दिसायला लागली. कोठीवाल्याला हसू फुटणार होतं ते त्यानं गिळलं. अक्कानं दोन्ही हातांनी मुखवटा धरून ओढला. हनुवटीकडून तो सुटला, पट्टे घसरले आणि अख्खा डोक्यावरून वर निघून गेला. काही तुटलं नाही. पुन्हा घातला, पुन्हा जीव खाऊन ओढला. पुन्हा तसाच निघाला.

"आता तुम्ही ओढा. समोरून."

"मी?"

"नवऱ्यानंतर माझ्या अंगाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. आज तुम्हाला परवानगी आहे. हिसकवा!"

कोठीवाल्यानं डोळे मिटून हिसका दिला. दुसऱ्या माणसाचा हात सरळ पुढं ओढतो, वर उचलत नाही. कडी अक्काच्या कानामागे रुतली, केस उपटले गेले, आणि पट्ट्याची शिवण कुरकुरली. अक्कानं मुखवटा काढला आणि कानामागे बोट लावलं. बोटाला रक्त लागलं.

कोठीवाला घाबरून माफी मागत होता. अक्काला ते ऐकूही येत नव्हतं. धाकट्याला शेवटचं न्हाऊ घालताना त्याच्या कानामागे असाच ओरखडा तिनं पाहिला होता. पडताना लागलं असेल म्हणून तिनं त्यावरून ओला हात फिरवला होता.

मुखवटा त्यानं काढला नव्हता. त्याच्या तोंडावरून कुणीतरी हिसकावला होता. आणि त्या धुरात त्याच्यासोबत एकच माणूस होता.

४

तरी तिचं मन मानेना. माणूस घाबरतो, हात कुठंही पडतो. चुकून हिसकला असेल, जावयाला कळलंही नसेल. लेकीचं कुंकू होतं ते. त्याच्यावर बोट ठेवायचं तर बोट थरथरून चालणार नव्हतं.

पंपवाला बोलघेवडा. एक विचारलं की चार सांगायचा. त्या दिवशी तो धूरघराच्या बाजूला पंप चालवत होता.

"मी चौकशीत सांगितलं ना अक्का, तो ओरडत होता. मी पंप बंद केला आणि पत्र्यातून आवाज आला. 'दाजी! दाजी!' काळीज हललं माझं. पण म्हटलं दाजी सोबत आहेत, बघतील. चौकशीवाल्यांनी कागदावर लिहिलं, 'घाबरून ओरडत होता.'"

"घाबरलेला माणूस काय ओरडतो हो?"

"वाचवा म्हणतो. मेलो म्हणतो. आईगं म्हणतो."

"माझं पोर आईगं म्हणालं?"

"नाही. नुसतं दाजी, दाजी."

"एका जागेवरून?"

पंपवाल्यानं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. जन्मात पहिल्यांदा त्याला उत्तर द्यायला वेळ लागला. "नाही, अक्का. आधी इथं, माझ्याजवळ. मग तिकडं. मग पार आत. जसा काही तो प्रत्येक खोलीत जाऊन..."

"जाऊन काय?"

"हाक मारून बघत होता."

दोघंही त्या पत्र्याच्या भिंतीकडे बघत राहिले. पत्रा इतका पातळ होता की पलीकडे फिरणाऱ्या पालीची खुसखूस ऐकू यावी.

"इकडं तुम्हाला ऐकू आलं," अक्का सावकाश म्हणाली, "आणि आत भिंतीला पाठ लावून उभा असलेल्या माणसाला नाही आलं?"

पंपवाल्यानं बोटांनी पत्रा वाजवून बघितला.

"जावई तुम्हाला कधी दिसले?"

"रडकी सुरू झाली आणि ते मागच्या कोपऱ्यावरून धावत आले. मुखवटा हातात. 'त्यानं मुखवटा काढला, पळाला' म्हणून ओरडत."

"खोकत होते?"

"कुठं! धुरातून आलेला माणूस शब्द बोलू शकत नाही, नुसता ओकतो. ते तर खणखणीत..." पंपवाल्यानं जीभ चावली. "अक्का, हे तुम्ही मला काय बोलायला लावताय?"

५

घरी येऊन अक्कानं धाकट्याची पेटी उघडली. केंद्रातल्या त्याच्या कपाटातलं सामान त्याच संध्याकाळी तिच्या हवाली झालं होतं. तिनं ती पेटी खाटेखाली सरकवली होती, परत हात लावला नव्हता. आता तिला फक्त एका गोष्टीची खात्री करून घ्यायची होती, आणि ती गोष्ट खोटी निघावी असंच तिला वाटत होतं.

आत बनियन, पायमोजे, फुटका आरसा. दाढीचा ब्रश, ओलाच गुंडाळल्यामुळे बुरशी धरलेला. आणि रेझर. पात्याच्या फटीत साबण वाळून घट्ट झाला होता, आणि त्यात केस अडकले होते. राठ, जाड. काळे, आणि मधेमधे पांढरे.

धाकट्याच्या हनुवटीवर नुसती कोवळी लव. त्यात पांढरा केस कुठून येणार?

तिकडं केंद्राच्या आवारात पोराला पालथं घालून त्याच्या छातीतला धूर काढायची धडपड चालली होती, आणि हा आत त्याच्याच कपाटापाशी, त्याच्याच रेझरनं, त्याच्याच आरशात बघून दाढी करत होता! कारण चौकशीवाला पहिला गालावरून अंगठा फिरवणार, हे या धंद्यातल्या माणसाला पक्कं माहीत. खुंट सापडले की मुखवटा का गळला ते कळणार, हवा का संपली ते कळणार, आणि मग दुसऱ्याचा मुखवटा कुणी हिसकावला तेही.

तिला साबणाचा तो वास आठवला. आणि त्या वासाला आपण माणसात असलेला माणूस समजलो, याची तिला इतकी किळस आली की तिनं चूळ भरली.

लेक संध्याकाळी भाजी द्यायला आली, तेव्हा अक्का रेझर समोर ठेवून बसली होती.

"त्या दिवशी तुझ्या नवऱ्यानं घरून दाढी केली होती का गं?"

"नाही. त्यावरूनच तर आमचं वाजलं. पण संध्याकाळी बघते तर गुळगुळीत. म्हटलं, माझं ऐकलं एकदाचं." लेकीची नजर रेझरवर गेली. तिनं तो उचलला, उजेडात धरला. नवऱ्याची दाढी बायकोला ओळखायला काय लागतं? "आई, हा तर धाकट्याचा..."

अक्कानं लेकीकडे बघितलं. एक पोर मातीत गेलं होतं. दुसऱ्याचं घर तिच्या जिभेच्या टोकावर होतं. गप्प बसली तर रोज सकाळी चहा मिळेल, लेक सुखात राहील, आणि केंद्रात पोरं 'धाकटा होऊ नकोस' म्हणत हसतील. कायमची.

"तू सांग," अक्का म्हणाली. "तू म्हणशील तर हा रेझर मी विहिरीत टाकते."

लेक उठली, दार लोटून आली. मग तिनं रेझर पदराला पुसला नाही, धुतला नाही, तसाच आईच्या हातात दिला.

"त्यांच्या तोंडून ऐकायचंय मला," ती म्हणाली.

६

दुसऱ्या सकाळी चहा करायला आलेल्या जावयाला अक्का म्हणाली, "जावईबापू, आज मला केंद्रात घेऊन चला. पोर कुठं गेलं ते मी अजून आतून पाहिलेलं नाही. तुम्हीच दाखवा."

धूरघराच्या दारात उस्ताद, कोठीवाला आणि पंपवाला उभे होते. लेक थोडी मागे. आत धूर नव्हता, नुसत्या काळ्या भिंती. जावई बिचकला, पण सासूचं मन मोडायची त्याला सवय नव्हती.

"सगळं त्या दिवशीसारखं हवं," अक्का म्हणाली. "सिलिंडर घ्या. रडकी लावा. उस्ताद, चालू करा, चावी तुमच्याजवळ ठेवा. हां. आता कुठं उभे होतात ते दाखवा."

जावई पहिल्या खोलीत गेला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. "इथं, आई. धाकट्यानं माझा हात झिडकारला, तो असा पळाला. मी इथंच उभा राहिलो. हाका मारत." बोलताना त्याची कंबर सवयीनं हळूहळू डुलत होती.

"डुलू नका," अक्का म्हणाली.

"काय?"

"जागचा हललो नाही, असं सांगितलंत ना? त्या दिवशी हलला नव्हतात तर आजही हलू नका. किती वेळ उभे होतात?"

"बराच वेळ. त्याची रडकी वाजेपर्यंत."

"मग तेवढाच वेळ उभे राहा. आम्हाला घाई नाही."

जावई स्तब्ध झाला. सगळेच स्तब्ध झाले. काय होणार ते आधी उस्तादला कळलं, त्याचा हात खिशातल्या चावीकडे गेला. मग जावयाच्या छातीवरून किंकाळी फुटली, आणि त्या कोंदट भिंतींत अशी घुमली की लेकीनं कान झाकले. जावयानं दचकून अंग हलवलं, पण एकदा रडायला लागलेली रडकी नुसत्या हलण्यानं गप्प बसत नाही. उस्तादनं चावी लावली तेव्हाच ती थांबली.

"त्या दिवशी एकच रडली," अक्का म्हणाली. "धाकट्याची. तुम्ही आधीपासून भिंतीला पुतळा होऊन उभे, तर तुमची आधी रडायला हवी होती. का नाही रडली?"

"बिघडली असेल. आई, यंत्र आहे..."

"मी दोन्ही वाजवून बघितल्या होत्या," उस्ताद म्हणाला. "दारात. तुझ्यासमोर."

"मग मी... मी हललो असेन थोडा. धुरात कुठं लक्षात राहतं?"

"हललात. हलत हलत मागच्या झडपेतून बाहेर गेलात," अक्का म्हणाली. "तुमच्या गालावर रान माजलेलं. मुखवटा गळला, हवा संपली. तुम्ही माझ्या पोराच्या तोंडावरचा मुखवटा हिसकावलात, असा की पट्टा कडीपाशी तुटला आणि त्याचा कान सोलला. त्याच्या वाटणीची हवा छातीभर घेतलीत, त्याला टाकलंत आणि झडप गाठलीत. बाहेर मोकळी हवा. खोकून झालं, दम खाल्ला. आणि आत तो. त्याला कुठं माहीत तुम्ही बाहेर आहात? त्याला वाटलं दाजी पडले. जोडीदाराशिवाय यायचं नाही. पट्टा तुटलेला मुखवटा तोंडावर टिकेना, दार त्याच्या जवळ होतं, तरी तो आत गेला. एकेका खोलीत. दाजी, दाजी करत. शेवटच्या खोलीपर्यंत."

"दिशा विसरला नव्हता तो," उस्ताद पुटपुटला आणि भिंतीला टेकला. "शोधत होता."

"तुम्ही झडपेपाशी होतात. पत्र्याला कान लावायचीही गरज नव्हती. पंपापर्यंत ऐकू आलं. 'मी बाहेर आहे, ये' एवढं ओरडला असतात तर तो आला असता. पण ओरडला असतात तर सगळे धावले असते, तुमचे खुंट बघितले असते, रिकामा सिलिंडर बघितला असता." अक्कानं पदराआडून रेझर काढला आणि त्याच्या नाकासमोर धरला. "मग याचं काम काढलंत. कुणाचा आहे ओळखा."

जावयानं रेझरकडे बघितलं. त्याचा हात नकळत हनुवटीवर गेला, आणि तो हात तिथं जाताना सगळ्यांनी पाहिला. तो खालीच बसला.

"मी हिसकला ते मला कळलं नाही, आई. देवाशपथ. छाती फुटत होती. बाहेर आलो तर वाटलं येईल तो मागोमाग. हाका ऐकल्या... आत्ता ओरडतो, आत्ता ओरडतो म्हणत राहिलो. आणि मग रडकी वाजली." तो रडायला लागला. "मी रोज तुमच्या पायाशी राबतो ते कशासाठी? उगाच?"

कोठीवाल्यानं तोंड फिरवलं. उस्ताद एवढंच म्हणाला, "साहेबांना मी सांगतो. शब्द न शब्द. आणि भिंतीवर त्याचा फोटो मी माझ्या हातानं लावतो, अक्का. त्याच्या नावानं या आवारात कुणी हसलं तर..."

जावयानं मागे उभ्या असलेल्या बायकोकडे बघितलं. "अगं," तो म्हणाला. "ऐकतेस ना? अगं..."

लेक दोन हातांच्या अंतरावर उभी होती. ती त्याच्याकडेच बघत होती. तिनं ओ दिली नाही.

तेव्हा अक्का पुढं झाली. लग्नाच्या दिवसापासून जावयाला तिनं कधी अरे केलं नव्हतं. आज ती वाकली, त्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"भ्यालास त्याला मी शिक्षा देत नाही. धुरात भलेभले भितात, माझा नवराही भ्यायचा. मुखवटा हिसकलास त्याचं काय करायचं ते तुझे साहेब बघतील, पोलीस बघतील. माझा हिशेब वेगळा आहे. माझं पोर हाक मारत होतं, तुला ऐकू येत होतं, आणि तू ओ दिली नाहीस. वर सांगितलंस की त्यानंच ओ दिली नाही. तर ऐक. आजपासून तू आमच्या दारात ये, रस्त्यात भेट, दवाखान्यात पड, तुरुंगातून निरोप धाड. आम्ही मायलेकी घरातच असू. तुझा शब्द न शब्द ऐकू. आणि ओ देणार नाही. मार, हाक मार! घसा फुटेस्तोवर मार. भिंतीपलीकडे माणसं आहेत हे माहीत असून कुणी ओ देत नाही, तेव्हा कसं होतं ते तू हळूहळू शिक. घाई करू नकोस. तुझ्याकडे हवा भरपूर आहे."